पेटी किती वाजता उघडते? स्ट्रीटकम्प्लीट ॲप, अडीच वर्षं वापरून

सूनबाईने फोनमध्ये हे ॲप टाकून दिलं तेव्हा मला वाटलं, पावलं मोजायचं काहीतरी असेल. गुडघ्याच्या डॉक्टरांनी रोज चार हजार पावलं सांगितली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटपुऱ्यातून चाललो होतो. फोनमधल्या नकाशावर ठिकठिकाणी टाचण्या टोचलेल्या. त्यातली एक अगदी माझ्या समोरच्या वाड्यापाशी. दाबली, तर प्रश्न आला: या टपालपेटीतली पत्रं कधी काढली जातात?

मी तिथेच उभा राहिलो. सातारच्या टपालात चौतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस याच बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या याच भागात. त्या पेटीची वेळ मला तोंडपाठ होती. पेटी उघडणारा वेगळा आणि बटवडा करणारा वेगळा, पण कुणाच्या रजेच्या बदलीला चावी आणि थैली घेऊन मीही गेलेलो. कुलूप काढायचं, पत्रं थैलीत ओतायची, आत हात घालून कोपरे चाचपायचे (आंतरदेशीय पत्रं उभी अडकतात), पुढच्या वेळेची पाटी लावून पेटी बंद करायची. तोंडपाठ असूनही मी चष्मा लावून पाटी वाचली, कारण माझ्यानंतर वेळ बदलली असली तर? गंजाने अक्षरं खाल्ली होती, आकडा मात्र दिसत होता. भरला. टाचणी गेली आणि कोपऱ्यात एक तारा आला.

तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. घरात मला बरंच काही विचारलं जातं. जेवायला कधी बसणार, दूध आणलं का, गोळी घेतली का. पण मला जे येतं त्यातलं काही चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

आता ॲपबद्दल. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून साऱ्या जगाचा एक नकाशा आहे. स्टीव्ह कोस्ट या माणसाने २००४ साली इंग्लंडात सुरू केला. तिकडे सरकारी सर्वेक्षणाचा नकाशा वापरायचा तर पैसे मोजावे लागत, म्हणून लोकांनी स्वतःच जीपीएस घेऊन रस्ते नोंदवायला सुरुवात केली. विकिपीडियासारखाच कारभार: कुणीही भर घाला, कुणीही दुरुस्त करा. नोंदणी केलेली खाती आज एक कोटीच्या वर आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी आजवर एकही बदल केलेला नाही. आले, खातं उघडलं, गेले.

का गेले ते मला कळतं. पुढे एकदा हौसेने मी त्या नकाशाचा संगणकावरचा संपादक उघडला होता. रेषा, ठिपके, डाव्या हाताला रकाने, इंग्रजी खुणांची ही जत्रा. नवा पोस्टमन भरती झाला की त्याला आधी जुन्या माणसामागे बीटवर फिरवतात. पहिल्याच सकाळी सॉर्टिंगच्या खोलीत ढकलून 'लाव आता टपाल' म्हटलं तर पोरगं दुपारी राजीनामा लिहील.

स्ट्रीटकम्प्लीट हे त्या जुन्या माणसाचं काम करतं. तोबियास झ्विक या जर्मन प्रोग्रॅमरने ते सुरू केलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. नकाशात जिथे माहिती अपुरी आहे तिथे टाचणी लागते, तुम्ही जागेवर जाऊन उत्तर देता आणि ते तुमच्या खात्यावरून थेट नकाशात जातं. रस्ता डांबरी की काँक्रीटचा? इमारत किती मजली? बसथांब्याला शेड आहे का? पायऱ्यांना कठडा आहे का? एका वेळी एकच प्रश्न, चित्रं दाखवून, बोटाने दाबायचा. रेंज नसली तरी चालतं, उत्तरं साठून राहतात आणि नंतर जातात. चूक झाली तर मागे घेता येते.

एक गोष्ट मला फार आवडली. तुम्ही घरी सोफ्यावर बसून चार चौक पलीकडच्या प्रश्नाचं उत्तर देऊ गेलात तर ॲप विचारतं, हे तुम्ही जागेवर जाऊन पाहिलंत ना? अडवत नाही, नुसतं विचारतं. कुठल्याही खात्यात एखादा असतो, टपरीवर चहा पीत 'दार बंद' असा शेरा मारणारा. त्याला हा प्रश्न नेमक्या वेळी कुणी विचारत नाही. दुसऱ्या कुणाच्या नकाशावरून बघून भरायलाही इथे सक्त मनाई आहे. गूगलच्या नकाशात आहे म्हणून इकडे उतरवलं, असं चालत नाही, कारण तो नकाशा त्यांच्या मालकीचा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नाहीतर राहू द्या.

प्रश्न सगळे आपल्या गावासाठी बेतलेले नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. बाकाला पाठ आहे का, हा प्रश्न मला पहिल्या महिन्यात इतक्या वेळा आला की मी सातारचे बाक पाठीवरून ओळखायला लागलो. गोल बागेतले वेगळे, मंगळवार तळ्याकाठचे वेगळे. चौकातला सिग्नल आंधळ्या माणसासाठी आवाज करतो का, असंही विचारतं. आमच्या चौकात आवाज कशाचा नाही ते सांगा. पण सहा महिन्यांनी वाटायला लागलं की प्रश्न चुकीचा नाहीये. बाकाची पाठ ही माझ्या वयाच्या माणसाची गरज आहे. तोवर मी ती विचारात घेतली नव्हती, इतकंच.

दुकानाच्या वेळांचा प्रश्न भरायला किचकट. सकाळी नऊ ते एक, दुपारी चार ते साडेआठ, अमुक वार बंद, हे सगळं बसतं. 'मालक जेवून आले की' हे बसत नाही.

खरी गंमत नावांची. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे दोन रस्ते जातात. पाटीवर एक राजपथ, दुसरा कर्मवीर पथ. माणसांच्या तोंडी वरचा रस्ता आणि खालचा रस्ता. पत्रावर यातलं काहीही असायचं आणि आम्ही पोचवायचो. ॲप विचारतं, या रस्त्याचं नाव काय? मराठीत वेगळं, इंग्रजीत वेगळं भरता येतं, नाव नसेल तर तसंही सांगता येतं. पण लोकांच्या तोंडचं दुसरं नाव घालायला तिथे जागा नाही. तेवढ्यासाठी चिठ्ठी सोडायची सोय आहे: नकाशावर जागा दाखवायची, दोन ओळी लिहायच्या, हवा तर फोटो जोडायचा. पुढे कुणीतरी जाणकार ती वाचून नकाशा दुरुस्त करतो.

पत्त्यांच्या या खिचडीवर उपाय म्हणून पिनकोड आणला तो आपल्याच माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. १५ ऑगस्ट १९७२. एकाच नावाची अनेक गावं, एकेका नावाची दहा स्पेलिंगं, निरनिराळ्या लिप्या, म्हणून सहा आकडे. संस्कृतात कविता-नाटकं लिहिणारा टपाल खात्यातला अधिकारी. पण ४१५००१ लिहिलं की पत्र साताऱ्यात येतं. साताऱ्यात आल्यावर गिरणीच्या वरच्या खोलीत कसं जायचं ते पोस्टमनच्या डोक्यात असतं. माझ्या डोक्यातलं ते मी कुणाच्या हवाली करून निघालो नव्हतो. पेढे वाटले, शाल-नारळ घेतला, सायकल जमा केली.

तर मी चिठ्ठ्या सोडायला लागलो. पहिली चिठ्ठी यादोगोपाळ पेठेतल्या एका बोळाची. नकाशात तो आरपार दाखवला होता. प्रत्यक्षात मधे भिंत. वरून काढलेल्या उपग्रहाच्या फोटोत झाडाखालची भिंत दिसणार कशी? मी फोटो काढला आणि लिहिलं, 'इथून पायीसुद्धा जाता येत नाही, फिरून जावं लागतं.' पाच-सहा दिवस काही नाही. मी विसरूनही गेलो. मग एक दिवस उत्तर आलं. दूरच्या कुठल्यातरी गावचा माणूस, नाव टोपणनाव. त्याने बोळ तोडून दोन केले होते आणि लिहिलं होतं की हा बोळ मीच दोन वर्षांपूर्वी उपग्रहाच्या चित्रावरून काढला, तेव्हापासून शंका होती, जागेवरचं कुणी भेटलं नव्हतं. मी ते सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भिंत आहे हे तर सगळ्या गल्लीला माहीत आहे." बरोबर. पण त्याला नव्हतं ना.

आता ताऱ्यांबद्दल. प्रत्येक उत्तराला एक तारा. तुमच्या पानावर एकूण तारे, किती दिवस काम केलं, देशात कितवे, चालू आठवड्यात कितवे, असं सगळं दिसतं. ठरावीक टप्पा गाठला की एक बक्षीस उघडतं. बक्षीस म्हणजे काय, तर या नकाशावर उभ्या असलेल्या आणखी कुठल्यातरी उपक्रमाची ओळख. काम केल्याबद्दल बक्षीस म्हणून आणखी काम! पण मी ती सगळी उघडून पाहिली आहेत, हेही खरं.

सुरुवातीला ताऱ्यांनी मला चालवलं, हे कबूल करतो. चार हजारांच्या जागी नऊ हजार पावलं व्हायला लागली. पण ताऱ्याला काटा नाही, सगळे सारखे. एका गल्लीचं जुनं नाव पक्कं करायला मी तीन आज्यांच्या ओसरीवर मिळून पाऊण तास बसलो, दोन कप चहा झाला, दोघींचं भांडण झालं. एक तारा. बाकाला पाठ आहे, एक तारा. हिशोब असा असला की माणूस बाकाकडे वळतो.

मीही वळलो. एका पावसाळ्यात, आठवड्याच्या यादीत वर जायच्या नादात, रस्त्यावर दिवे आहेत का या प्रश्नाला मी भर दुपारी चालता चालता 'हो, हो' दाबत सुटलो. खांब दिसला की हो. महिन्याभराने कुणीतरी माझ्या नोंदीखाली जाहीर लिहिलं. एक गल्ली दाखवून विचारलं होतं, दिवसा दिवे मोजता का? भाषा याहून कडक होती. रात्री जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन गेलो. खांब होते, सात. दिवा एकावरही नव्हता, नुसत्या तारा नेणारे खांब. मी सगळं दुरुस्त केलं, माफी मागितली आणि ॲप बंद केलं.

तीन आठवडे उघडलं नाही. चूक माझी होती, मान्य. पण फुकट काम करणाऱ्याला चारचौघांत असं बोललं की तो पुढचं वाक्य ऐकायला थांबत नाही, आणि त्याला थांबवून ठेवायला पगारही नसतो. नोकरीत साहेब यापेक्षा वाईट बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता मी हजर असायचो.

परत कसा आलो ते सांगतो. ताऱ्यांची आठवण झाली नाही. बोगद्याकडून चालत येत होतो, तर पाठीला पिशव्या लावलेली दोन पोरं, कॉलेजची असावीत, फोन बघत उभी. एकाने विचारलं, "काका, इथं नळ दाखवतोय, पिण्याचा. कुठे आहे?" त्यांच्या फोनवर ऑर्गॅनिक मॅप्स होतं, ते याच नकाशावर चालतं. नळ भिंतीच्या मागच्या बाजूला आहे, रस्त्यावरून दिसत नाही. तो पिण्याजोगा आहे का, या प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं, उन्हाळ्यात, तिथलं पाणी पिऊन आणि समोरच्या बाईंना विचारून. मी नळ दाखवला. पोरांनी बाटल्या भरल्या, थँक्यू काका म्हणाली आणि गेली. मी काही बोललो नाही. घरी येऊन फोन चार्जिंगला लावला.

मोठ्या संकटात हा नकाशा किती कामाला आला हे वाचायला मिळतं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या लोकांनी घरी बसून उपग्रहाची चित्रं बघत पोर्तोप्रँसचे रस्ते काढले आणि मदत पथकांनी ते वापरले. २०१५ साली नेपाळच्या भूकंपात पुन्हा तसंच, हजारोंनी. त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण २०१९ च्या पुरात आम्ही सांगलीला मदत घेऊन गेलो होतो, तेव्हा रस्त्यावर टेंपोंची रांग मावत नव्हती. दिवाळीनंतर पुन्हा गेलो तर रांग नव्हती, गाळ होता. रोज दोन बाक, एक पायरी, एक दुकान करणारा माणूस वेगळ्या जातीचा असतो आणि हे ॲप त्याला धरून बनवलंय.

गूगलच्या लोकल गाइड्समध्येही गुण आहेत, दहा पातळ्या आहेत. आमचे एक शेजारी तिकडे जोरात आहेत, हॉटेलांचे फोटो टाकतात. वाईट नाही. पण तिथे टाकलेलं त्या कंपनीच्या नकाशात जातं. इकडचा अख्खा जगाचा नकाशा कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो, खाली 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' एवढं श्रेय द्यायचं. त्या शब्दात मी येतो. कुठे पर्यटनाच्या पाटीवर, कुठे एखाद्या ॲपच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तो दिसला की मी शेजाऱ्यांना दाखवतो. ते म्हणतात, तुमचं नाव कुठेय?

व्यवहाराचं थोडं. अँड्रॉइडवर चालतं. जीपीएस सतत चालू असल्यामुळे बॅटरी खातं, जुना फोन असेल तर पॉवर बँक बरोबर घ्या. नवा रस्ता यात काढता येत नाही, त्याला वेगळा संपादक हवा. उन्हात पडदा दिसत नाही, टोपी लागते. आणि कुणाच्या दारासमोर थांबून फोन वर धरला की लोक बाहेर येतात. मीटरवाले का? घरपट्टीचा सर्व्हे का? खाकी होती तेव्हा कुणी विचारत नसे. मी सरळ स्क्रीन दाखवतो. निम्मे लोक मग स्वतःच सांगायला लागतात की पलीकडच्या गल्लीचं नाव चुकलंय. घरांचे फोटो काढू नका, मजले तोंडाने मोजा.

एकाच भागात दोघांना काम करायचं असेल तर टाचण्या आपसात वाटून घ्यायची सोय आहे. दिवाळीत नात पुण्याहून आली होती, अकरा वर्षांची. तिच्या आईचा फोन तिच्याकडे, माझा माझ्याकडे. आमच्या आळीतून वर जाणाऱ्या पायऱ्यांचा प्रश्न तिच्या वाट्याला आला: किती पायऱ्या? तिने मोजल्या, त्रेसष्ट. मी म्हटलं, एकसष्ट. एकोणीस वर्षं टपाल घेऊन चढलोय. तिने कमरेवर हात ठेवला. पुन्हा मोजल्या, दोघांनी मिळून, मोठ्याने. सगळ्यात खालची एक रस्त्याच्या नव्या काँक्रीटमध्ये अर्धी बुडालेली, ती धरायची की नाही? आणि वरती देवळाच्या ओट्याची पायरी यात येते का? अर्धा तास वाद. येणारे-जाणारे पंच झाले. शेवटी बासष्ट भरल्या. आता ती पुण्याहून फोन करते तेव्हा पहिलं विचारते की आपले बासष्ट कुणी बदलले नाहीत ना.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो सगळे तारे सारखे ठेवल्याबद्दल.

गेल्या महिन्यात व्यंकटपुऱ्यातल्या त्या पेटीवर पुन्हा टाचणी आली. नोंद जुनी झाली की ॲप फिरून विचारतं: हे अजून इथे आहे का? घराजवळच आहे, तरी मी त्या बाजूला बरेच दिवस गेलो नव्हतो. गेलो तर वाडाच नव्हता. हिरवं जाळीचं कापड, आत चार मजल्यांच्या सळ्या, दारात वाळूचा ढीग. भिंतच गेली तर पेटी कशाला अडकवणार. वॉचमनला विचारलं, तो नवा, त्याला पेटी होती हेच ठाऊक नाही. पलीकडच्या वाण्याला विचारलं. तो म्हणाला, माणसं येऊन व्यवस्थित काढून घेऊन गेली, वेळेच्या पाट्यांसकट. मी पुन्हा एकदा चारी बाजूंनी फिरून बघितलं, कुणी दुसऱ्या भिंतीला लावली असली तर. नव्हती.

खाली दोन बटणं होती. 'नाही' दाबलं. टाचणी गेली. तारा आला.